अण्णाप्पा मराठी की कानडी? सीमाभागातल्या नावांविषयीचे गैरसमज

निपाणीच्या बाजारात किंवा बेळगावच्या बस स्टँडवर एखादे नाव कानावर पडले की ऐकणारा मनातल्या मनात हिशेब करून मोकळा होतो. 'कर' आला म्हणजे आपला, 'अप्पा' आला म्हणजे त्यांचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि तेव्हापासून इथल्या माणसाच्या नावालाही बाजू घ्यावी लागते आहे. नावे मात्र या तारखेच्या कितीतरी आधीची. ती पहिल्यांदा ठेवली गेली तेव्हा गावाला पाटील होता, कुलकर्णी होता, सौंदत्तीची यल्लमा होती आणि वाडी रत्नागिरीचा जोतिबा होता. राज्याची सीमा तेवढी नव्हती.

पुढच्या समजुती सीमेच्या दोन्ही बाजूंना ऐकू येतात. त्या बाळगणारे लोक अडाणी नाहीत. प्रत्येक समजुतीला डोळ्यांना दिसणारा थोडाफार आधार आहे आणि म्हणूनच ती टिकली आहे. तो आधार किती भार पेलतो, तेवढे तपासायचे.

अण्णा, अप्पा, अक्का अशा हाका ज्या घरात असतात, ते घर मुळात कानडी.

हा समज पटतो, कारण त्याचा अर्धा भाग खरा आहे. हे तिन्ही शब्द द्राविडी कुळातले मानले जातात. कन्नडमध्ये अप्पा म्हणजे वडील, अण्णा म्हणजे थोरला भाऊ, अक्का म्हणजे थोरली बहीण. तमिळ आणि तेलुगूतही थोड्याफार फरकाने हेच. पण शब्दाचे कूळ वेगळे आणि तो वापरणाऱ्या घराचे कूळ वेगळे. तसे नसते तर पहिल्या बाजीरावाचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांना कानडी ठरवावे लागले असते आणि कोकणातल्या मुरुडचे अण्णासाहेब कर्वे यांनाही. वाटेगावचे तुकाराम भाऊराव साठे 'अण्णा भाऊ' झाले, किसन बाबूराव हजारे 'अण्णा' झाले. त्यासाठी घरात कन्नड असावी लागली नाही. 'अक्का' तर संस्कृत व्याकरणापर्यंत पोचला आहे. पाणिनीच्या सूत्रांवरच्या 'काशिका' या जुन्या टीकेत आईवाचक शब्दांची संबोधने दाखवताना तो उदाहरण म्हणून येतो. इतक्या जुन्या, इतक्या फिरलेल्या शब्दाच्या गळ्यात एका राज्याची पाटी अडकवणे अवघडच.

बेळगाव-निपाणीकडे वेगळेपण आहे ते या हाकांच्या दाटीत. एका घरात अण्णा म्हणजे वडील, शेजारी अण्णा म्हणजे मोठा भाऊ, पलीकडे चुलते. पुण्या-मुंबईचा पाहुणा विचारतो, 'वडिलांना भाऊ कसे काय म्हणतात हे लोक?' उत्तर एकत्र कुटुंबात आहे. पोर बोलू लागते तेव्हा घरातले काका आणि आत्या त्याच्या वडिलांना अण्णा म्हणत असतात. पोर तेच उचलते आणि जन्मभर तेच चालते. आईलाही याच वाटेने कोणी वहिनी म्हणते, कोणी अक्का. बेळगावच्या कवयित्री इंदिरा संत घरच्यांना अक्काच होत्या. हाक कोणत्या भाषेतून आली यापेक्षा ती घरात आधी कोणी मारली, हे इथे महत्त्वाचे ठरते.

याच्याही पुढची गंमत म्हणजे उलटी हाक. आजोबा पाच वर्षांच्या नातवाला 'ये रे अप्पा' म्हणतात, आई लेकाला 'माझ्या बाबा' म्हणून कुरवाळते. ऐकणाऱ्याला वाटते, यांना नात्यांचे भान नाही. इराणमध्ये फारसी बोलणारा बापही मुलाला लाडाने 'बाबा जान' म्हणतो आणि आई लेकीला 'मामान जान'. नात्याचा शब्द उलटा फिरवून माया करण्याची ही रीत अरबी घरांतही आहे. ती बेळगावची चूक नव्हे आणि मक्तेदारीही नव्हे.

नावाला 'अप्पा' जोडलेला असेल तर माणूस लिंगायत असतो, निदान कानडी तरी.

बसप्पा, शिवप्पा, वीरभद्रप्पा ही नावे लिंगायत समाजात भरपूर असल्यामुळे हा आडाखा बऱ्याच वेळा बरोबर येतो. बऱ्याच वेळा बरोबर येणारा आडाखाच जास्त फसवतो. शिरोळचे शेतकरी नेते राजू शेट्टी हातकणंगल्यातून लोकसभेवर गेले. कागदोपत्री त्यांचे नाव देवाप्पा अण्णा शेट्टी. एकाच नावात अप्पा आला, अण्णा आला आणि वर शेट्टी. मुंबईचा माणूस अशा नावाला सरळ उडुपी हॉटेलच्या गल्ल्यावर बसवतो. हे घर आहे कोल्हापूर जिल्ह्यातल्या जैन शेतकऱ्याचे आणि सभा गाजल्या त्या मराठीतून. आदमापूरचे बाळूमामा १८९२ साली निपाणीजवळच्या अक्कोळ गावी धनगर घरात जन्मले. त्यांच्या वडिलांचे नाव मायाप्पा. महाराष्ट्र केसरी झालेले पैलवान अप्पालाल शेख मुसलमान. जैन, धनगर, मुसलमान अशी तिन्ही घरे अप्पाच्या छताखाली आहेत आणि लिंगायत तर आहेतच.

दोन भाषा एकाच नावात कशा नांदतात, ते पाहायचे तर 'अक्काताई' हे नाव पाहावे. कोल्हापूर-बेळगावच्या खेड्यांत ते अगदी रुळलेले आहे. आधी कन्नड बहीण, तिला चिकटून मराठी बहीण. असे नाव ठेवणाऱ्या आजीला भाषिक ऐक्याचा संदेश द्यायचा नव्हता. तिच्या जिभेवर दोन्ही शब्द सारखेच सरावाचे होते.

आडनावात 'कर' असेल तर मराठी, नसेल तर कानडी.

सर्वांत पक्का वाटणारा नियम हाच. मराठीत गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव होते, कन्नड मुलखात गावाचे नाव जसेच्या तसे आडनाव म्हणून चालते. गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर, विनायक कृष्ण गोकाक यांच्या आडनावांत हनगल, मन्सूर आणि गोकाक ही गावे उघडी दिसतात. इतका स्वच्छ फरक नजरेस पडल्यावर त्याचा नियम करण्याचा मोह कोणालाही होईल. मात्र आडनावाची घडण ज्या भाषेत झाली तीच आज त्या घराची भाषा आहे, असे धरून चालणे म्हणजे मधली दोन-तीनशे वर्षे पुसून टाकणे.

मुळात 'कर' सांगतो ते सोडलेले गाव. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर, म्हणजे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी जन्मले. आडनाव मात्र कोकणातल्या किर्लोस गावावरून. कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्मही याच गुर्लहोसूरचा, १८६९ चा; १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. घर कानडी मुलखात, आडनाव कोकणातले, कीर्ती साऱ्या महाराष्ट्रात. यात 'कर' या अक्षरांनी सांगितले ते एवढेच की कधीतरी कोणीतरी किर्लोसहून निघाले होते.

गावात राहणाऱ्याला गावाचे नाव चिकटत नाही, बाहेर गेल्यावर चिकटते. निपाणीत शेजारी शेजाऱ्याला निपाणकर म्हणत नाही. अपवाद असतो तो गावाच्या धन्याचा, आणि असा एक धनी इथे होऊन गेला. उत्तर पेशवाईत 'अप्पा देसाई निपाणकर' म्हणून ज्यांचा दबदबा होता, त्यांचे मूळ नाव सिद्धोजीराव निंबाळकर. सिद्धोजीराव हे पाळण्यातले नाव, अप्पा ही हाक, देसाई हे वतन, निपाणकर ही सत्तेची जागा आणि निंबाळकर हे घराणे. फलटणकडच्या निंबळक गावावरून पडलेले हे घराण्याचे नावही शेवटी 'कर'च. एका माणसाच्या अंगावरचे हे पाच पदर मोजले तर कोणत्या पदरावरून त्याची भाषा ठरवायची?

दुसऱ्या बाजूनेही नियम गळतो. काँग्रेस नेत्या लक्ष्मी हेब्बाळकर लिंगायत समाजातल्या आणि त्यांचे राजकारण कन्नडमधले, पण आडनावात 'कर' ठसठशीत आहे. कारवारपासून गोव्यापर्यंत 'कर' लावणारी कितीतरी घरे कोकणी बोलतात. आणि 'कर' नाही म्हणून कोणी कानडी होत असेल तर शिंदे, मोरे, चव्हाण, कांबळे यांना कुठे न्यायचे? नाडकर्णी हे आडनाव मुंबईत कोणालाही कानडी वाटत नाही. त्यातला 'नाड' म्हणजे प्रदेश हा कन्नड शब्द आहे आणि 'करणिक' म्हणजे हिशेब ठेवणारा. मराठीतला देशपांडे जे काम करी, तेच नाडकर्णी करी.

कन्नड माणसाला आडनाव नसते. आडनाव लावतो तो मराठी, किंवा मराठी वळणाचा.

ही समजूत बंगळूर पाहून आलेल्यांची. एच. डी. देवेगौडा यांच्या नावातला 'एच' हरदनहळ्ळी गावाचा, 'डी' वडिलांचा, आणि आडनाव नाही. बी. एस. येडियुरप्पांचेही तसेच: गाव बूकनकेरे, वडील सिद्धलिंगप्पा. आता हुबळीकडचे बसवराज सोमप्पा बोम्मई घ्यावे. आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव; सातारा-सांगलीत लिहितात तस्सेच. कन्नड एकच, नाव लिहिण्याच्या रीती दोन. याचे कारण राज्यकारभारात आहे. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई सरकारच्या दप्तरात होते, आणि शाळेचा दाखला, सातबारा, कोर्टाचे कागद या सगळ्यांत नाव, वडिलांचे नाव, आडनाव असाच क्रम चाले. या पट्ट्याला अगदी २०२१ पर्यंत 'मुंबई कर्नाटक' म्हणत. आता 'कित्तूर कर्नाटक' म्हणतात.

पाटील, देसाई, कुलकर्णी यांवरून जात आणि भाषा कळते.

यांवरून फार तर जुने काम कळते. पाटील गावाचा प्रमुख, कुलकर्णी त्याचा हिशेबनीस, देसाई परगण्याचा अधिकारी, चौगुले पाटलाचा मदतनीस. निपाणी भागात पाटील मराठा आहेत, जैन आहेत, लिंगायत आहेत आणि मुसलमानही आहेत. गदगचे एच. के. पाटील कन्नड राजकारणातले जुने नाव. ही पदे कानडी मुलखात मराठी रूपांनी रुजली, कारण आदिलशाहीपासून पेशवाईपर्यंत महसुलाचे कागद मोठ्या प्रमाणात मराठीत लिहिले गेले. फारसी-अरबी शब्दही त्याच दप्तरातून आले: मुतालिक, फडणीस, इनामदार, जहागीरदार. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत ही वतने कायद्याने गेली. आडनावे तेवढी मागे राहिली.

पायगोंडा, बाबगोंडा, सातगोंडा ही नावे गोंड आदिवासींवरून आली; मराठी घरात ती असूच शकत नाहीत.

विदर्भाशी परिचय असलेल्या वाचकाला 'गोंडा' म्हटल्यावर गोंड आठवणे स्वाभाविक आहे. संबंध काहीच नाही. जुन्या कन्नड शिलालेखांत गावच्या प्रमुखाला 'गावुंड' म्हटले आहे. गौडा आणि गोंडा ही त्याचीच रूपे. म्हणजे सातगोंडा पाटील या नावात गावचा प्रमुख दोनदा आला आहे, एकदा कन्नडमधून आणि एकदा मराठीतून. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावर वसलेल्या भोज गावचे सातगोंडा भीमगोंडा पाटील पुढे दिगंबर जैनांचे आचार्य शांतिसागर झाले.

मराठी घरात ही नावे नसतात म्हणणाऱ्यांना एकच उदाहरण पुरेसे आहे. रयत शिक्षण संस्था काढून खेड्यापाड्यांतल्या मुलांना मराठी शाळा देणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे पूर्ण नाव भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म १८८७ चा, कुंभोजचा. वडिलांचे नाव कन्नड वळणाचे, स्वतःचे मराठी. आणि ज्यांना पाळण्यातच 'भाऊ' केले होते, त्यांना विद्यार्थी आयुष्यभर 'अण्णा' म्हणत राहिले. महाराष्ट्रात त्यांच्या मराठीपणाबद्दल कोणाला शंका आलेली नाही. मग निपाणीच्या एखाद्या बाबगोंडाबद्दल ती का यावी?

अण्णासाहेब, बाळासाहेब, रावसाहेब ही टोपणनावे असतात. कागदावर खरे नाव वेगळे असणारच.

पुण्या-मुंबईच्या अनुभवावर हा समज उभा आहे आणि तिथे तो बहुतेक खरा ठरतो. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांना लोकांनी अण्णासाहेब केले. पु. ल. देशपांडे यांच्या 'गणगोत'मधले रावसाहेब म्हणजे बेळगावचे कृष्णराव हरिहर. पण कृष्णा आणि वेदगंगेच्या काठी ही नावे बारशालाच ठेवतात. कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि पुढे मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झालेले अण्णासाहेब लठ्ठे यांचे नावच अण्णा बाबाजी लठ्ठे. हाक आणि नाव यांत फरक फक्त 'साहेब' या आदराचा. चिक्कोडीचे माजी खासदार अण्णासाहेब जोल्ले यांचे मतपत्रिकेवरचे नावही अण्णासाहेब शंकर जोल्ले.

या समजाचा फटका गावातल्या साध्या माणसाला बसतो. बँकेत किंवा पासपोर्टच्या खिडकीशी 'हे टोपणनाव झाले, खरे नाव सांगा' असा आग्रह होतो. आप्पासाहेब नावाचा माणूस काय सांगणार? मग 'उर्फ' घालून एक नवे नाव जन्माला येते, एका दाखल्यात ते असते, दुसऱ्यात नसते, आणि पुढची दहा वर्षे प्रतिज्ञापत्रे करण्यात जातात. दाखल्यावर जे आहे तेच नाव. त्याला 'साहेब' जोडलेला आहे म्हणून ते कमी खरे होत नाही.

कल्लाप्पा, तिप्पाण्णा, दगडू, धोंडू ही आईबापांना नकोशा झालेल्या लेकरांची नावे.

कन्नडमध्ये 'कल्लु' म्हणजे दगड आणि 'तिप्पे' म्हणजे उकिरडा, हे कळल्यावर ऐकणारा चरकतो. लेकराला असे नाव? कारण नेमके उलटे आहे. ज्या घरात आधीची मुले जगली नाहीत, तिथे पुढचे मूल नजरेतून वाचावे म्हणून त्याला मुद्दाम कवडीमोल नाव देत. दगडाला कोण दृष्ट लावणार? मराठीत दगडू, धोंडू, कचरू, तर कन्नडमध्ये कल्लाप्पा आणि तिप्पाण्णा. भीती एक, तोडगाही एकच. भाषा तेवढ्या दोन. काही घरांत कल्लाप्पा हे नाव कल्लेश्वरावरून, म्हणजे देवावरूनही येते.

एक नाव मात्र या यादीत घालता येत नाही. 'नकुशी' हे नाव खरोखरच नकोशा मुलीला ठेवत आणि त्यामागे माया नव्हती. २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने दोनशेहून अधिक नकुशींना नवी नावे दिली, ते योग्यच झाले. म्हणून सगळीच अशी नावे एका मापाने तोलू नयेत.

सुना सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात, म्हणजे त्यांचे लग्न नात्यातच झालेले असते.

मामाची मुलगी करण्याची चाल दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात जुनी आहे, हे खरे. कन्नडमधला 'मावा' हा शब्द मामा आणि सासरा या दोघांनाही चालतो, हेही खरे. म्हणून अंदाज बरोबर वाटतो. पण शब्द चालीपेक्षा जास्त जगतात. कुठलेही पूर्वीचे नाते नसलेल्या घरात आलेली सूनही सासऱ्यांना मामाच म्हणते आणि जुन्या पुणेरी घरांतले 'मामंजी' आणि 'आत्याबाई' हेही त्याच मुशीतले. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या भारतातील नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवला, तो अशाच पुराव्यांवर. शब्दांची देवघेव एकतर्फीही नव्हती. धारवाड-बेळगावच्या कन्नडमध्ये चुलत्याला काका म्हणतात आणि भावजयीला 'वैनी'. दोन्ही मराठीतून गेलेले. आणि बाळूमामांना 'मामा' म्हणणारे लाखो भक्त त्यांच्याशी कोणती सोयरीक सांगतात?

'काय गा?' ही हाक उद्धट आहे आणि ती कानडीतून आली.

बेळगाव, खानापूर आणि चंदगडकडे बरोबरीच्या पुरुषाला 'काय गा', 'ये की गा' म्हणतात. शाळेतल्या प्रमाण मराठीत 'गा' नाही, भोवती कन्नड आहे, तेव्हा तो तिकडूनच आला असेल, असा निष्कर्ष लोक काढतात. तो चुकीचा आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, रचलेल्या ज्ञानेश्वरीत 'गा' संबोधनासाठी जागोजागी येतो; कन्नडच्या सीमेपासून दूर असलेल्या विदर्भातही तो आजही बोलण्यात आहे. पुणेरी मराठीने तो सोडला, कडेच्या मराठीने सांभाळला. राहिला उद्धटपणाचा मुद्दा. उद्धटपणा स्वरात असतो. आईला आणि विठोबाला एकवचनात हाक मारणाऱ्या भाषेने तरी 'गा'वर रागावू नये.

बायकोने नवऱ्याचे नाव घेतले तर त्याचे आयुष्य कमी होते.

होत नाही. नाव न घेण्याची ही रीत जगभर आढळते. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू सुनांना सासरच्यांची नावेच काय, त्यांच्याशी जुळणारे शब्दही टाळावे लागत. मराठी स्त्रियांनी त्यातून उखाण्याची पळवाट काढली, उत्तर कर्नाटकातल्या कन्नड स्त्रियांनी 'ओडपु'ची. दोन्ही लग्नघरात सारख्याच उत्साहाने म्हटली जातात. नाव घेण्यानेच आयुष्य तुटत असते तर ते हौसेने, यमक जुळवून, मांडवात घ्यायला कोणी सांगितले नसते.

मतदारयादीतली आडनावे मोजली की गावात मराठी किती आणि कानडी किती ते कळते.

सर्वांत उपद्रवी समज हा. निवडणूक जवळ आली की दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते याद्या घेऊन बसतात, कारण दुसरे कोणतेच साधन हाताशी नसते. मोजणी मात्र पहिल्याच पानावर चुकते. धारवाडचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचे आडनाव मराठी, घरची बोलीही मराठी. १९७३ चे ज्ञानपीठ मिळाले ते कन्नड कवितेला. गुरुनाथ आबाजी कुलकर्णी, म्हणजे जी. ए., जन्मले चिक्कोडी तालुक्यातल्या एकसंब्यात, शिकवायला धारवाडला राहिले आणि कथा लिहिल्या मराठीत. बेळगावजवळच्या सुळेभावी गावातल्या कन्नड लिंगायत घरातले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी पुढे कुमार गंधर्व झाले आणि मराठी रसिकांना ते कधीही परके वाटले नाहीत. आडनावे वाचून याद्या करणाऱ्याने या तिघांना कोणत्या रकान्यात टाकले असते?

सीमावादासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव शहर म्हैसूरकडे ठेवावे, असे सुचवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या वादात वाचक कोणत्याही बाजूचा असो, आडनावांची मोजदाद त्याच्या उपयोगाची नाही. ती पुरावा म्हणून कुठेही टिकत नाही. जनगणना मातृभाषा विचारून लिहिते, नावावरून ताडून नाही, आणि त्याच अर्जात येत असलेल्या आणखी दोन भाषांसाठी वेगळी जागा असते. बेळगाव-निपाणीत ती जागा रिकामी सोडू नये.